महाराष्ट्रातल्या मालवाहतूक कंपनीत नवीन ड्रायव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढचे प्रश्न महाराष्ट्रात आणि शेजारच्या गोवा-बेळगाव पट्ट्यात माल नेणाऱ्या कंपन्यांत नव्याने रुजू होणाऱ्या ड्रायव्हरांसाठी आहेत. सहाचाकीपासून सोळाचाकीपर्यंतच्या गाड्या डोळ्यासमोर ठेवल्या आहेत. कंपनीगणिक नियम थोडे बदलतात. जिथे बदलतात तिथे तसं लिहिलं आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रिजनल गाडी म्हणजे नक्की कुठपर्यंत? घरी किती दिवसांनी येता येतं?

साधारण एका बाजूने १०० ते ५०० किलोमीटर, आणि नागपूर धरलं तर त्याहून जास्त. भिवंडीच्या गोदामातून नाशिक, चाकणहून वाळूज, कळंबोलीहून कोल्हापूर, न्हावा शेवा बंदरातून बुटीबोरी अशा फेऱ्या असतात. दिल्ली-कोलकाता लाइनवर महिना-महिना घर दिसत नाही, तसं इथे होत नाही. पण रोज संध्याकाळी घरी हेही होत नाही. आठवड्यात दोन-तीन रात्री गाडीत काढायची तयारी ठेवा. घर कुठे आहे यावर बरंच ठरतं. साताऱ्याचा ड्रायव्हर पुणे-कोल्हापूर लाइनवर असेल तर जाता-येता घर लागतं. म्हणून रुजू होतानाच 'माझी गाडी कोणत्या लाइनवर राहील' हे विचारा.

२. माझ्याकडे कारचं लायसन्स आहे. त्यावर मालाची गाडी चालवता येईल का?

एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी चालवता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे स्पष्ट केलं: हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तर या वजनापर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी वेगळी नोंद लागत नाही. इथे वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून, आरसीवर 'ग्रॉस' म्हणून छापलेलं. रिकाम्या गाडीचं नाही.

त्यावरच्या गाडीसाठी ट्रान्सपोर्टचं लायसन्स काढावं लागतं. वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं. सारथी पोर्टलवर शिकाऊ लायसन्सचा अर्ज, डॉक्टरच्या सहीचा नमुना १-अ, ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५, मग ३० दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पक्की चाचणी. आठवी पास असण्याची अट २०१९ मध्ये निघाली, तरी काही एजंट अजून तिच्या नावावर पैसे घेतात. ट्रान्सपोर्टचं लायसन्स ५ वर्षं चालतं. मुदतीची तारीख मोबाइलमध्ये दोन महिने आधीची लावून ठेवा. संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच पाहते.

३. हेवी लायसन्स आहे, अनुभव नाही. कोण घेईल?

घेतात, पण थेट चौदाचाकी हातात देत नाहीत. बहुतेक ठिकाणी आधी ट्रायल होते: यार्डात रिव्हर्स लावणं, चढावर गाडी मागे न सरकवता उचलणं, अरुंद गेटमधून वळवणं. मग काही आठवडे जुन्या ड्रायव्हरबरोबर सेकंड म्हणून. हा काळ कंटाळवाणा वाटतो, पण प्रत्येक कारखान्याचं गेट, तिथला वजनकाटा आणि पार्किंग कुठे हे यातच कळतं.

कंपनी आधार, पॅन, बँक पासबुक, पोलिस पडताळणी आणि ओळखीचे एक-दोन जण मागेल, ते रास्त आहे. मूळ लायसन्स 'ठेव' म्हणून ऑफिसात ठेवा असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. लायसन्स ड्रायव्हरजवळ असायचं कागद आहे.

४. पगार कसा ठरतो? आधी काय विचारून घ्यावं?

तीन पद्धती दिसतात. ठरलेला महिना पगार आणि बाहेर असलेल्या दिवसांचा भत्ता. फेरीमागे ठरलेली रक्कम. किंवा कमी पगार आणि किलोमीटरवर पैसे. नवीन माणसाला पहिली पद्धत बरी. फेरीच्या पद्धतीत गाडी कारखान्याच्या दारात दोन दिवस उभी राहिली तर तुमचे ते दोन दिवस फुकट जातात.

आकड्यापेक्षा पुढचे प्रश्न जास्त कामाचे. भत्ता दिवसाचा की फेरीचा? गाडी वर्कशॉपमध्ये असताना पगार चालू राहतो का? टोल, पार्किंग, पंक्चर, वाराई (हमालांची भरणावळ-उतरणावळ) हे खर्चीतून (फेरीसाठी हातात दिलेल्या पैशांतून) की वेगळं? उचल किती मिळते आणि कशी कापतात? चलन कोण भरतं (प्रश्न १९)? नुकसान झालं तर कापण्याची मर्यादा किती (प्रश्न १३)?

२० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो, १० किंवा जास्त असतील तर ईएसआय. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. त्यात तुमचा वाटा ०.७५ टक्के आणि कंपनीचा ३.२५ टक्के. सगळा पगार 'भत्ता' म्हणून रोख देणारी कंपनी महिन्याला हातात थोडं जास्त देते, पण गाडीवरून पडून पाय मोडला की त्या माणसामागे काहीच उभं नसतं.

५. अॅव्हरेज कमी आलं की डिझेलचे पैसे कापतात, हे खरं आहे का?

पुष्कळ ठिकाणी कापतात. हिशोब असा: तुमच्या गाडीला भरलेल्या लाइनवर ४ किलोमीटरचं अॅव्हरेज धरलंय आणि फेरी ६०० किलोमीटरची आहे, तर १५० लिटर मंजूर. १६० लागले तर १० लिटर तुमच्या नावावर.

भांडण होतं ते अॅव्हरेज कोणत्या अटींवर ठरलं यावरून. भरलेली आणि रिकामी गाडी, घाटाची आणि सपाट लाइन यांना एकच आकडा लावणं चुकीचं आहे. रुजू होताना वेगवेगळे आकडे मागा. टाकी नेहमी एकाच पंपावर काठोकाठ भरून मोजा, नाहीतर आकडा फिरतो. आणि उभ्या गाडीचं इंजिन बंद करा. मोठं इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला दीड-दोन लिटर सहज पितं. कारखान्याबाहेर चार तास एसी लावून झोपलात की फेरीचं अॅव्हरेज तिथेच गेलं.

एसीचा विषय निघालाच आहे म्हणून: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे. जुन्या गाडीत ती नसेल तर मालकाने बसवून द्यायलाच हवी असं नाही.

६. रोज किती तास चालवावं लागतं? 'सरळ मारून ये' म्हटलं तर?

कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम आहे. मोटर वाहतूक कामगार अधिनियम १९६१ मध्ये सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि लांबच्या मार्गावर जास्तीत जास्त १० तास अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, तरी ८ आणि ४८ तेच राहिले.

प्रत्यक्षात स्टिअरिंगवरचे तास कमी आणि थांबायचे तास जास्त असतात. धोका तिथेच आहे. दिवसभर भरण्याच्या रांगेत बसायचं, रात्री नऊला गाडी भरून मिळते आणि सकाळी सहाला पोहोच हवी असते. दिवसभर 'काम' केलेलं नसतं, पण झोपही झालेली नसते. रांगेत असताना नंबर पुढे-मागे बघायचं काम क्लीनरवर सोपवून झोपा. रात्री २ ते ५ या वेळात डोळा लागतोच. तोंडावर पाणी मारल्याने किंवा खिडकी उघडल्याने दहा मिनिटं निघतात, त्यापुढे नाही. गाडी ढाब्यावर किंवा पंपावर लावून २० मिनिटांची डुलकी काढा आणि सुपरवायझरला मेसेज टाका. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

दारूबद्दल एकच ओळ: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

७. गाडी ताब्यात घेताना काय काय बघायचं?

क्रम ठरवून घ्या म्हणजे सुटत नाही. इंजिन थंड असताना: ऑइलची काडी, कूलंट, बेल्ट, गाडीखाली ताजा डाग. मग चावी फिरवून डॅशबोर्डवरचे दिवे. इंजिन चालू करून ब्रेकची हवा भरू द्या. बझर बंद होऊन काटा हिरव्यात आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हवा भरली की इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि काटा बघा. उतरत असेल किंवा 'फुस्स' आवाज येत असेल तर गळती आहे. हवेच्या टाकीखालचा ड्रेन रोज सोडा. पावसाळ्यात त्यातून पाणी निघतं आणि ते पाणी पुढे व्हॉल्व्ह खराब करतं.

नंतर एक चक्कर: टायर (प्रश्न १८), नट, पाटे, मागचे दिवे, रिफ्लेक्टर टेप, नंबर प्लेट, फाळक्याचे खिळे. शेवटी सामान मोजा: स्टेपनी, जॅक, टामी, व्हीलपाना, त्रिकोण, ताडपत्री, रस्से, फायर सिलिंडर.

आधीचे ओरखडे आणि पिचका यांचा व्हिडिओ काढून त्याच वेळी कंपनीच्या ग्रुपवर टाका. पुढच्या महिन्यात 'हा पिचका तुझाच' म्हटलं की तेवढा एकच पुरावा कामी येतो.

८. जवळ कोणते कागद ठेवायचे? मोबाइलवरचे चालतात का?

आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, टॅक्स आणि तुमचं लायसन्स. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधले चालतात. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो चालत नाही. फिटनेस ८ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी लागतं. मालासोबत एलआर म्हणजे बिल्टी, बिल आणि लागत असेल तर ई-वे बिल (जीएसटीसाठी मालाच्या वाहतुकीची ऑनलाइन नोंद). मोबाइलची बॅटरी संपली तर डिजिलॉकरचा उपयोग नाही, म्हणून एक छापील संच केबिनमध्ये असू द्या.

९. ई-वे बिलाचं काम ऑफिसचं आहे ना? मी त्यात काय बघायचं?

बनवतात ऑफिसवाले किंवा माल पाठवणारे, पण रस्त्यात अडकता तुम्ही. दोन गोष्टी बघा: त्यावर तुमच्याच गाडीचा नंबर आहे का, आणि मुदत कधी संपते.

एका राज्यातून दुसऱ्यात ५०,००० रुपयांवरच्या मालाला आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावरच्या मालाला ते लागतं. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडीचा नंबर असलेला पार्ट बी भरला की घड्याळ सुरू होतं, आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. सोमवारी दुपारी १८० किलोमीटरचं बिल निघालं, तर ते मंगळवारी रात्री १२ पर्यंत चालतं.

गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर माल हलण्याआधी पार्ट बीमध्ये नवा नंबर हवा. दरड कोसळून किंवा बिघाडाने उशीर होत असेल तर मुदत वाढवता येते, पण फक्त संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत. म्हणून घाटात अडकलात की ऑफिसला लगेच फोन करा, सकाळची वाट पाहू नका. पकडलं गेलं तर दंड कराच्या दुप्पट जाऊ शकतो आणि गाडी तोपर्यंत तिथेच राहते.

१०. मालक म्हणतो 'दोन टन जास्त चालतं'. खरंच चालतं का?

चालत नाही. प्रचलित गाड्यांचं एकूण मान्य वजन असं असतं: सहाचाकी १८.५ टन, दहाचाकी २८, बाराचाकी ३५, चौदाचाकी ४२, सोळाचाकी ४७.५. तुमच्या गाडीचा खरा आकडा आरसीवर बघा. दहाचाकी रिकामी ९.५ टन भरत असेल तर माल १८.५ टन. टाकीत ३०० लिटर डिझेल असेल तर त्याचंच अडीचशे किलो होतं, तेही धरा.

दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. जादा माल उतरवायचा खर्च वेगळा, आणि तो उतरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. काट्यावर न जाता पळ काढला तर ४०,०००. कायदा 'चालवणारा' आणि 'चालवायला लावणारा' दोघांनाही धरतो.

फसवी परिस्थिती ही: एकूण वजन बरोबर, पण माल सगळा मागे. मग मागच्या एक्सलवर जादा, आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग पकड सोडतं. भरतानाच बघा (प्रश्न ११).

११. भरताना ड्रायव्हरने उभं राहायलाच हवं का?

हो. थप्पी हमाल लावतात, पण ती कशी लागली याचा जाब तुम्हाला विचारतात. जड माल खाली आणि एक्सलच्या मधोमध, हलका वर. फाळक्याला टेकेल असं लावा; मधे मोकळी जागा राहिली की पहिल्या जोराच्या ब्रेकला माल पुढे सरकतो.

मालाप्रमाणे पद्धत बदलते. साखर, सिमेंट, खत: तळाला एक ताडपत्री आणि वरून दुसरी. वरच्या ताडपत्रीची घडी पुढून मागे अशी टाका, नाहीतर वारा तिच्यात शिरून फाडतो. कांदा उलट आहे: वरून पाऊस अडवायचा, पण बाजू मोकळ्या ठेवायच्या. गच्च झाकलेला कांदा एका रात्रीत तापतो आणि लासलगावहून निघालेला चांगला माल वाशीत ओला उतरतो.

कळंबोलीहून स्टीलची कॉइल भरत असाल तर नायलॉनच्या रस्सीवर विश्वास ठेवू नका. खाली पाळणा किंवा लाकडी ओंडके, वरून साखळी आणि टर्नबकल (साखळी आवळायचा स्क्रू), आणि २०-३० किलोमीटरवर थांबून पुन्हा ताण तपासायचा. सुटलेली कॉइल केबिनची मागची भिंत थांबवू शकत नाही. बांधणी नीट नसेल तर गाडी काढू नका, सुपरवायझर कितीही ओरडला तरी.

१२. माल उतरवताना माझ्याकडून वाराई मागतात. ती मी द्यायची?

वाहतूकदारांची वर्षानुवर्षांची मागणी एका ओळीत आहे: ज्याचा माल, त्याचा हमाल. भरणावळ-उतरणावळ माल पाठवणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने द्यायची. नोंदीत माथाडी कामगारांची मजुरी १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळामार्फत जमा होते. तरीही काही गेटवर ड्रायव्हरकडून गाडीमागे पैसे घेतले जातात आणि पावती मिळत नाही.

तिथे एकट्याने वाद घालू नका. निघण्यापूर्वी ऑफिसला विचारा की या ठिकाणी वाराई कोणाची. एलआरवर ते लिहून घ्या. ऐनवेळी मागितली तर सुपरवायझरला फोन लावून पार्टीशी बोलू द्या. द्यावीच लागली तर पावती, नाहीतर रक्कम आणि वेळ लगेच ग्रुपवर.

हॉल्टिंगचंही (गाडी अडकून राहिल्याच्या पैशांचंही) तसंच. गेटवर पोहोचल्याची वेळ सही-शिक्क्यासह एलआरवर घेतली तरच कंपनी पार्टीकडून हॉल्टिंग वसूल करू शकते. शिक्का देत नसतील तर गेटसमोर गाडीचा नंबर दिसेल असा वेळेसकट फोटो काढा.

१३. माल कमी किंवा फुटका निघाला तर माझ्या पगारातून जातो का?

सील लावलेला कंटेनर असेल आणि सील शाबूत पोहोचलं, तर आतला नग कमी असणं तुमच्या अंगावर यायला नको. त्यासाठी निघताना सीलचा नंबर एलआरशी पडताळा आणि उतरवताना ते तोडण्यापूर्वी फोटो घ्या.

उघड्या मालात नग स्वतः मोजा. मोजू देत नसतील तर एलआरवर 'नग मोजले नाहीत' असं लिहून सही करा. उतरवताना पार्टीने 'शॉर्ट' किंवा 'डॅमेज' असा शेरा मारला, तर किती आणि कशामुळे हे त्यातच लिहून घ्या: '३ गोण्या ओल्या' यात आणि नुसत्या 'माल खराब' यात हजारो रुपयांचा फरक पडतो. सही-शिक्क्याची पोहोच हरवली तर कंपनीचं भाडं अडकतं. मिळाल्याबरोबर फोटो पाठवा, मूळ कागद पाकिटात.

१४. घाटात पहिल्यांदा भरलेली गाडी न्यायची आहे. कशी उतरवायची?

नवीन ड्रायव्हरांच्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वात महत्त्वाचा आहे. बोरघाट, कसारा, खंबाटकी यांचे रस्ते रुंद आहेत. आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली इथे वळणं आवळ आहेत. पण तत्त्व एकच: गाडी गिअरने धरायची, ब्रेकने फक्त सावरायची.

उतार सुरू होण्याआधी, सपाटीवरच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये ती चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. नव्या ताकदवान इंजिनांना त्याहून एक खालचा. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाने गाडी रोखणारा) चालू ठेवा, तो वरच्या आरपीएमला जास्त जोर देतो, पण काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. वेग वाढला की ब्रेक एकदा ठाम दाबा, ८-१० किलोमीटरने वेग उतरवा आणि पाय पूर्ण उचला. पाय हलका टेकवून ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. सतत घासत राहिल्याने ड्रम आणि लायनर तापतात, तापलेल्या लायनरची पकड जाते आणि पायाखाली ब्रेक लागतोय असं वाटूनही गाडी थांबत नाही. वारंवार पंप मारलात तर त्यात हवाही संपते.

वेग वाढल्यावर खालचा गिअर शोधायला जाऊ नका. तो लागत नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. जळका वास आला की जागा मिळेल तिथे डाव्या बाजूला थांबा, चाकाला गुटका (अडवायचा ठोकळा) लावा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडकतो.

ब्रेक गेलेच तर: एक्झॉस्ट ब्रेक, असलेला गिअर सोडायचा नाही, हँडब्रेक टप्प्याटप्प्याने, हॉर्न आणि दिवे चालू, आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत न्यायची. दरीच्या अंगाला कधीच नाही.

ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी असेल तर एक्झॉस्ट ब्रेक जपून वापरा, मागची चाकं घसरतात. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का विचारा. दरडीच्या भीतीने वरंधसारखे घाट जड वाहनांना बंद होतात आणि गुगल मॅप तरीही तिकडून रस्ता दाखवतो.

१५. उतारावर न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं ना? जुने ड्रायव्हर सांगतात.

नव्या गाड्यांत वाचत नाही. इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की डिझेलचा पुरवठाच बंद होतो. चाकं इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं. शिवाय इंजिनाचा आणि एक्झॉस्ट ब्रेकचा आधार जातो. इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि कॉम्प्रेसर हवा भरायचं थांबवतो. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जड गाड्यांचे इतके अपघात झाले आहेत, त्यांत हे कारण पुन्हा पुन्हा पुढे येतं. तिथला उतार डोळ्यांना सौम्य वाटतो, म्हणूनच तो फसवतो.

१६. एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर काय वेगळं?

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जड गाडी डाव्या लेनमध्ये. ओव्हरटेक करताना मधली, आणि लगेच परत. कॅमेरे वेग, लेन, सीटबेल्ट, मोबाइल सगळं टिपतात. घाटातली वेगमर्यादा बाकी रस्त्यापेक्षा बरीच कमी आहे, बोर्डवरची पाळा.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. बोर्डवर १२० दिसतं ते कारसाठी, मालवाहू गाडीला ८०, आणि तुमचा स्पीड गव्हर्नरही ८० लाच अडवतो. तिथे दोन त्रास आहेत. सरळ रस्त्यामुळे डोळे उघडे असून लक्ष जातं, आणि उन्हाळ्यात कॉंक्रीटवर सलग चालून टायर तापतात. दर दोन तासांनी सोयीच्या थांब्यावर थांबून टायर हाताने बघा. कडेला गाडी लावून झोपायचं मात्र कुठेही नाही. मागून धडकणाऱ्या गाडीला उभा ट्रक शेवटच्या क्षणी कळतो.

१७. डीईएफ म्हणजे काय? नाही टाकलं तर?

बीएस-६ गाड्यांत धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण. डिझेलच्या साधारण ३ ते ५ टक्के लागतं. संपत आलं की दिवा लागतो, दुर्लक्ष केलं की इंजिन ताकद कापतं, आणि घाटात भरलेली गाडी रांगायला लागते. पाणी मिसळू नका. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी चालूच करू नका, चावीही फिरवू नका. टाकी खाली करून मिळेल. चालू केली तर पंप आणि इंजेक्टर जातात, आणि ते बिल मोठं असतं.

१८. टायरचं काय बघायचं? हवा किती?

आकडा गाडीच्या तक्त्यावर असतो. ट्रकच्या रेडियल टायरला बहुधा ११० ते १२० पीएसआय. टायर थंड असतानाच मोजा. चालून गरम झाल्यावर हवा जास्त दिसते म्हणून सोडायची नाही, तो फुटण्याचा सरळ मार्ग आहे. टामीने वाजवून कमी हवेचा टायर कळतो, पण थोडा कमी असलेला कळत नाही, म्हणून गेज ठेवा.

जोड टायरात एकात हवा कमी असेल तर दुसरा सगळा भार घेतो आणि तोच आधी फुटतो. दोघांच्या मधे अडकलेला दगड काढा. चाक बदललं की ५०-१०० किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळा.

१९. टोल आणि चलन कोणाच्या खिशातून?

टोल कंपनीचा. पण फास्टॅग ब्लॅकलिस्ट झाला असेल तर नाक्यावर पेच तुमचा. राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ पासून चालू फास्टॅग नसेल तर रोख दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट. राज्याच्या नाक्यांवरही १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. निघताना बॅलन्स विचारून घ्या.

चलनाचा सर्वसाधारण रिवाज: वेग, लेन, मोबाइल, सीटबेल्ट ड्रायव्हरचे, फिटनेस, विमा, ओव्हरलोड, दिवे कंपनीचे. चलन मालकाच्या मोबाइलवर येतं, म्हणून पगारातून कापलं तर फोटो आणि तारीख मागा. त्या दिवशी ती गाडी दुसऱ्याकडे होती असं बरेचदा निघतं.

२०. गाडी रस्त्यात बंद पडली तर?

शक्य तितकी डावीकडे, चारही इंडिकेटर, चाकाला गुटका. त्रिकोण किमान ५० मीटर मागे. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. माणसाने गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. आणि निघताना टायरमागचे दगड उचलून बाजूला टाका. रात्री रस्त्यात राहिलेला तो दगड दुचाकीवाल्याचा जीव घेतो. ई-वे बिलासाठी प्रश्न ९ पाहा.

२१. अपघात झाला तर थांबायचं की निघायचं? जमावाची भीती वाटते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल तर थांबलंच पाहिजे असं तेच कलम म्हणत नाही. अशा वेळी जवळच्या पोलिस ठाण्यात जा आणि २४ तासांच्या आत, खरं तर तासाभरात, स्वतः कळवा. आधी ११२ किंवा १०८ ला फोन केला असेल तर कॉलची नोंद राहते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये हयगयीने मृत्यू झाल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पळून जाऊन न कळवल्यास १० वर्षांचं कलम १०६(२), ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चक्का जाम केला, ते १ जुलै २०२४ ला बाकी संहितेसोबत लागू केलं गेलं नाही. याचा अर्थ पळून गेलं तर चालतं असा नाही. कलम १३४ कायम आहे. जागेवर तडजोडीच्या कोऱ्या कागदावर सही करू नका.

२२. क्लीनरला थोडी गाडी चालवायला दिली, किंवा वाटेत कोणाला बसवलं तर?

क्लीनरकडे त्या गाडीचं लायसन्स नसेल तर त्याला ५,००० रुपये दंड आणि चालवायला देणाऱ्यालाही तेवढाच. अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. शिकवायचंच असेल तर शिकाऊ लायसन्स, कंपनीची परवानगी आणि रिकामं यार्ड. भाड्याने बसवलेला प्रवासी मालगाडीच्या विम्यात धरलेला नसतो. त्याला काही झालं तर कंपनी हात वर करते आणि तुम्ही सापडता.

२३. गोवा किंवा बेळगावला जाताना वेगळं काय लागतं?

नॅशनल परमिट. फक्त महाराष्ट्राचं परमिट असलेली गाडी सीमेपलीकडे नेऊ नका, 'जवळच तर आहे' म्हणून कोणी सोडत नाही. नॅशनल परमिटवरही एक खाच आहे: परराज्यातल्या दोन ठिकाणांमधला माल उचलता येत नाही. बेळगावात माल उतरवून तिथून कोल्हापूरला भरता येईल, पण बेळगावहून हुबळीला नाही. परतीचं भाडं कोणी फोनवर देऊ केलं तर आधी ऑफिसला विचारा.

गोव्याकडे आंबोली, चोर्ला, अनमोड असे घाट आहेत. कोणता उघडा आणि कोणत्या गाडीला, हे त्या दिवशी विचारून निघा (प्रश्न १४).

२४. केमिकल किंवा गॅसच्या टँकरवर जास्त पैसे मिळतात. लगेच जाऊ का?

लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद हवी. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणं लागतं. ती नोंद ३ वर्षं टिकते. पण कागद मिळाला म्हणून लगेच जाऊ नका. अर्धा भरलेला टँकर वळणावर आतल्या द्रवाच्या लाटेने बाहेर ओढला जातो, आणि ती ओढ साध्या गाडीवर शिकता येत नाही. दोन-एक वर्षं घाटाची लाइन झाल्यावर विचार करा. केबिनमध्ये त्या रसायनाचं ट्रेम कार्ड (धोका आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) असल्याशिवाय टँकर हलवायचा नाही.

२५. नोकरी सोडताना काय सांभाळायचं?

गाडी यार्डात लावून प्रश्न ७ मधलीच यादी उलट करा: सामान, डिझेल, किलोमीटर, व्हिडिओ, आणि घेणाऱ्याची सही. उरलेली उचल आणि प्रलंबित चलनं लेखी मागा. यूएएन नंबर तुमचा, नव्या कंपनीत तोच द्या. दुसरा काढलात तर जुने पीएफचे पैसे काढताना फेऱ्या पडतात. अनुभवाच्या पत्रात 'ड्रायव्हर' एवढंच नको: कोणती गाडी, किती चाकी, कोणती लाइन, कधीपासून कधीपर्यंत, हे लिहून घ्या. पुढची कंपनी तुम्हाला घाटाची गाडी द्यायची की नाही, ते त्या ओळीवरून ठरवते.